गिलावा

चाकणजवळच्या आमच्या गावातल्या घराची जुनी सेप्टिक टाकी खचली, तेव्हा नवी बांधायला एक गवंडीण आली. बीडकडची, पन्नाशीची, नाव विचारायचं राहूनच गेलं. भिंती झाल्या तरी ती आत बसून गिलाव्यावर हळूहळू थापी फिरवत होती.

आई वरून म्हणाली, “पुरे की बाई. आत कोण बघायला उतरणार हाय?”

“कुणी उतरूच नये म्हणून तर करायले. भिंत खराब झाली की लोक माणूस उतरवतात. माझा भाऊ असाच उतरला होता. वर आलाच नाही.”

आई टाकीच्या काठाशी वाकून म्हणाली, “वरच्या स्लॅबला मैला उपसायच्या गाडीचा पाइप जाईल एवढंच तोंड ठेव. माणसाचं न्हाई.”

गवंडीण थांबली, वर बघून हसली आणि पुन्हा थापी फिरवू लागली.