हातांना पुरेल एवढं नेट

दातांच्या त्या लॅबमध्ये सात माणसं कामाला होती, पण ज्याच्या हातची कवळी कधी परत येत नसे असा माणूस एकच. त्याला सगळे कारागीर म्हणत. तीन वर्षांचा असताना ताप डोक्यात गेला आणि त्याचं ऐकणं गेलं ते गेलंच. लॅबमध्ये त्याचा तोटा काही नव्हता. घासायच्या मोटारी दिवसभर किरकिरत आणि बाकीचे संध्याकाळी डोकं धरून घरी जात. हा मात्र टेबलावर डावा तळहात टेकवून निवांत बसे आणि लाकडातून येणाऱ्या थरथरीवरून कुणाच्या मोटारीचं टोक बोथट झालंय ते बोट दाखवून सांगे.

मालकांनी दात कोरायचं नवं यंत्र घेतलं. यंत्र परदेशातलं. कंपनीनं कळवलं, अठरा दिवसांसाठी एक माणूस पाठवा, शिकवून परत देतो. मालकांनी फार विचार न करता कारागिराचं नाव दिलं. मग प्रश्न निघाला, तिथं याच्यासाठी ऐकणार कोण? त्यावर मालकीणबाईंनी आपल्या भावाला पुढं केलं. हा भाऊ तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायचं काम करी. मालकांचा मेहुणा म्हणून अख्खी लॅब त्यांना मेहुणे म्हणे, अगदी झाडूवाल्या बाईसुद्धा. तोंडाचा पट्टा असा, की दवाखान्यातले पेशंट दुखणं विसरून ऐकत बसत.

"कारागीर, तुम्ही फक्त शिका. बोलायचं खातं माझ्याकडे!" मेहुणे तोंड मोठं मोठं करून म्हणाले. तोंड मोठं केलं की ओठ वाचणं उलट अवघड होतं, हे कारागिरानं त्यांना वीस वर्षांत सांगितलं नव्हतं. उगाच कशाला मन दुखवायचं?

घरी बायको. तिलाही ऐकू येत नव्हतं. दोघं एकाच शाळेतली. त्या शाळेत मुलं एकमेकांना खुणेची नावं देत. हिची खूण म्हणजे गालावर बोट टेकवून फिरवायचं, म्हणून आपणही तिला खळी म्हणू. खळी घरीच पडदे आणि अभ्रे शिवून द्यायची. हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं, समोरच्याकडे बोट केलं की झालं. त्यामुळे सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला कधी 'अहो' म्हटलं नव्हतं आणि 'अरे'सुद्धा. एवढ्या वर्षांत दोघं दोन रात्रींच्या वर कधी लांब राहिले नव्हते.

मुलीला मात्र ऐकू येत होतं. सहा वर्षांची असल्यापासून घराचा कान तीच. बँकेचा फोन असो की डॉक्टरांचा, स्टुलावर चढून तीच बोलायची. आता ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी होती. बाबा परदेशी निघालेत म्हटल्यावर तिचा मेसेज आला.

"बाबा, इथूनच रोमिंग करून जा. मी सगळं करून देते. दोनशे मिनिटं बोलायला मिळतात."

"मिनिटांचं मी काय लोणचं घालू?" कारागिरानं लिहिलं.

पलीकडून हसण्याच्या चित्रांची रांग आली आणि मागोमाग प्रश्न, "खरंच की! मग नेट किती लागेल?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. मग रविवारी दुपारी कारागिरानं ते मोजायचं ठरवलं. तो स्वयंपाकघरात बसला, खळी पुढच्या खोलीत शिलाई मशीनजवळ, मध्ये एक भिंत. दोघांनी फोन उभे केले आणि एकमेकांना व्हिडिओ कॉल लावला. सुरुवातीला दोघांनाही हसूच येत होतं. खळी म्हणाली, "भाजी करपतेय का बघ." तो म्हणाला, "गॅसच लावलेला नाही." असं पाच-सात मिनिटं चाललं. मग बोलण्यासारखं उरलं नाही, पण अर्धा तास तर भरायचा होता.

तेव्हा खळीचे हात जरा सावकाश हलले. "दारावरच्या बेलचा दिवा लागला की मी उठते. तू घरात असलास की दारात कोण असेल याची मला भीती वाटत नाही. तू नसताना लागला तर?"

कारागीर म्हणाला, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"समोर असलास की तू लगेच उत्तर देतोस. 'त्यात काय भ्यायचं' म्हणतोस. फोनवर तुझे हात उशिरा पोचतात. तेवढ्यात माझं बोलून होतं."

या वेळी त्यानं 'त्यात काय भ्यायचं' म्हटलं नाही. म्हणाला, "रोज संध्याकाळी बोलू. अर्धा तास. रविवारी तासभर."

अर्ध्या तासाला पाव जीबी गेला होता. अठरा दिवसांचे पाच, वर मुलीशी बोलणं आणि रस्ता शोधायला नकाशा, म्हणजे आठ तरी हवेत. कागदावर त्यानं आठाच्या आकड्याला गोल केला.

त्याचा एक शाळासोबती पूर्वी परदेशी जाऊन आला होता. त्यानं वेगळीच गोष्ट सांगितली. "'अमर्याद' लिहिलेलं कार्ड घेऊ नकोस. थोडं वापरलं की वेग मारतात. ऐकणाऱ्यांचा आवाज तरी कसाबसा पोचतो, आपले हात गोठतात. मी बायकोला 'जेवलो' म्हणत होतो, हात तोंडाशी असतानाच चित्र थांबलं. ती अर्धा तास विचारत होती, दात दुखतोय का म्हणून!"

मुलीनंही एक गोष्ट बजावली. फोनला दोन कप्पे आहेत, जुनं कार्ड काढायचं नाही, बँकेचे मेसेज त्यावरच येतात. नवीन कार्ड दुसऱ्या कप्प्यात.

विमान सकाळी उतरलं. बाहेर येताच सिमकार्डांची तीन काउंटर होती. सगळ्यात भडक रंगाच्या काउंटरकडे मेहुणे तरातरा गेले. आधी ते आपल्या भाषेत बोलले, मग तेच मोठ्यानं बोलले, मग "नेट, कॉल, गुड, गुड" असं म्हणाले. विकणारा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. पाच मिनिटांत मेहुणे पाकीट नाचवत परत आले. "अमर्याद आहे! बोलणं, नेट, सगळं! चला, तुम्हालाही घेऊन देतो."

कारागिरानं हातानंच थांबा म्हटलं आणि तो दुसऱ्या रांगेत उभा राहिला. पुढच्या माणसांकडे बघता बघता त्याला मौज वाटायला लागली. कुणी ओरडत होतं, कुणी तेच वाक्य चौथ्यांदा म्हणत होतं, कुणी कावरंबावरं होऊन बायकोकडे बघत होतं. एवढी ऐकणारी-बोलणारी माणसं, आणि एकालाही आपलं म्हणणं पोचवता येत नव्हतं. त्याला स्वतःला मात्र घराजवळच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटत होतं. तो रोज अशीच तर खरेदी करत आला होता. त्यानं खिशातून वही काढली.

काउंटरवर दोरीचा चष्मा गळ्यात अडकवलेली एक बाई होती. त्यानं कानाकडे बोट करून हात हलवला. तिनं पटकन कागदावर आपल्या लिपीत काहीतरी लिहिलं. त्यानं तेही कळत नसल्याची खूण केली. तेव्हा दोघंही हसले. मग त्यानं फळ्यावरच्या जाहिरातीतल्या रिसीव्हरच्या चित्रावर बोटानं फुली मारली. वहीत एक फोन काढला, त्यात बाईचा चेहरा आणि दोन हात. खाली लिहिलं, आठ जीबी. काउंटरवरच्या कॅलेंडरवर आजपासून अठराव्या दिवसापर्यंत बोट फिरवलं. इथवर सोपं होतं.

आता वेगाचं कसं विचारायचं? त्यानं क्षणभर विचार केला आणि एक नळ काढला, धो धो वाहणारा. शेजारी तोच नळ, थेंब थेंब गळणारा. मग जाहिरातीतल्या 'अमर्याद'च्या खुणेवर बोट ठेवलं, दोन्ही नळांच्या मधल्या जागेवर पेन टेकवलं आणि भुवया वर केल्या.

बाईनं चष्मा डोळ्यांवर चढवला. नळांकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि एकदम खुदकन हसली. जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ होती, त्यातल्या तिनाच्या आकड्यावर तिनं नख ठेवलं. तीन जीबीपर्यंत धो धो. पुढं थेंब.

मग तिनं खालचा खण उघडून एक साधं पांढरं कार्ड काढलं. ते जाहिरातीत कुठंच नव्हतं. तिनं वहीत पाटीएवढा मोठा फोन काढून दाखवला, म्हणजे हे कार्ड टॅबलेटसारख्या पाट्यांसाठी. रिसीव्हर काढून त्यावर फुली. दहा जीबी, वाहता नळ. दहा संपले की नळ बंदच, थेंबही नाही. दिवस एकवीस. कारागिरानं अंगठा उंच केला. एवढं सरळ बोलणारं दुकान त्याला फार दिवसांनी भेटलं होतं.

पासपोर्ट दाखवून झाला, कार्ड दुसऱ्या कप्प्यात बसलं. पण तो हलला नाही. तिथंच उभं राहून त्यानं घरी कॉल लावला. पडद्यावर खळी आली. तिचे हात लख्ख दिसत होते.

"ती मागे कोण?" तिनं पहिल्यांदा हेच विचारलं.

"दुकानदारीण."

"चष्म्याची दोरी छान आहे. कशी विणलीय विचार."

त्यानं बाईला दोरीकडे बोट करून 'छान' अशी खूण केली. बाईनं पडद्याकडे बघून हात हलवला. मेहुणे बाजूला पिशव्या सांभाळत उभे होते.

शिकवणी दुसऱ्या दिवशी सुरू झाली. शिकवणारा माणूस काटक आणि कमी बोलणारा, सगळं हातानं करून दाखवणारा. त्याची भाषा मेहुण्यांनाही कळत नव्हती, त्यामुळे ते कारागिरासाठी ऐकणार तरी काय? चौथ्या दिवशी यंत्र चालू असताना कारागिरानं सवयीनं त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि लगेच बंद करायची खूण केली. शिकवणाऱ्यानं झाकण उघडून पाहिलं, तर टोकाला केसाएवढी चीर होती. त्यानंतर प्रत्येक वेळी यंत्र चालू करण्याआधी तो कारागिराकडे बघायला लागला.

मेहुण्यांची मात्र दशा वाईट होती. त्यांच्या कार्डावर मिनिटं भरपूर होती, पण ती त्या देशातल्या देशात बोलायची, आणि त्या देशात त्यांना ओळखत होतं कोण? नेटचा नळ तिसऱ्याच दिवशी थेंबांवर आला. आणि घरी त्यांची आई, ऐंशीच्या पुढची. तिचा फोन बटणांचा, त्यावर नुसता आवाज. रोज सकाळी आईला फोन केल्याशिवाय मेहुण्यांचा दिवस सुरू होत नसे. चार दिवस तो झाला नव्हता. आपणच याला सांभाळायला आलो, आता याला कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून ते गप्प होते.

पाचव्या संध्याकाळी कारागीर खळीशी बोलत असताना मेहुणे दारात येऊन उभे राहिले. त्यांनी वही मागून घेतली आणि लिहिलं, "कारागीर, मला आईशी बोलायचंय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघं कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात गेले. कारागिरानं वहीत अंबाडा घातलेली एक म्हातारी काढली, तिच्या कानाला बटणांचा फोन. दुसऱ्या टोकाला मिशीवाला माणूस, मधे पृथ्वीचा गोल आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत तुटक रेघ. दुकानदारानं मेहुण्यांच्या मिशीकडे बघितलं, मान डोलावली आणि एक खरवडायचं कार्ड पुढं केलं, परदेशी बोलायच्या मिनिटांचं. जन्मात ज्याला फोनवरचा आवाज माहीत नाही, त्यानं मेहुण्यांना फोनची मिनिटं मिळवून दिली.

मेहुण्यांनी तिथंच नंबर लावला. कारागीर त्यांच्याकडे बघत होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच मेहुणे छोटं तोंड करून, हळू बोलत होते, आणि त्यामुळे त्यांचे ओठ त्याला नीट वाचता आले. "आई, मी बोलतोय... नाही गं, बरा आहे... हो, जेवलो. तू जेवलीस का?" मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. कारागीर फोनची कव्हरं बघायला लागला.

त्यानंतर मेहुणे रोज संध्याकाळच्या कॉलला येऊन बसायला लागले. दिवसभर गप्प राहून त्यांना बोलायची भूक लागलेली असे, आणि बोलायला होती ती ही दोनच माणसं. मग ते खुणा शिकले. पहिल्या दिवशी त्यांनी खळीला 'आज थंडी आहे' म्हणून जे सांगितलं, त्याचा अर्थ 'आज म्हैस आहे' असा झाला. खळीनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "दूध देते का?" कारागीर इतका हसला, की फोन आडवा पडला.

पंधराव्या दिवशी खळीनं मेहुण्यांना खुणेचं नाव दिलं. ओठांवरून बोट फिरवून टोकाला वर वळवायचं, मिशीला पीळ दिल्यासारखं. कारागिरानं वहीत लिहून समजावलं, की हे नाव असं वाटेल त्याला मिळत नाही. मेहुणे बराच वेळ आरशासमोर उभं राहून ते बोट फिरवत होते.

दोघं ठरल्या दिवशी परत आले. यंत्र बसलं, चालू झालं, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा कारागिरानं तळहात ठेवून ते थांबवलं. दोन्ही वेळा त्याचं बरोबर होतं. मेहुणे आता त्याच्याशी तोंड मोठं करून बोलत नाहीत, हातांनी बोलतात. अर्ध्या खुणा चुकतात, पण हट्टानं बोलतात. एकदा चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, "आमच्या दाजींचं खुणेचं नाव काय?"

कारागिरानं आधी दाराकडे बघून घेतलं, मग हळूच ते करून दाखवलं. मेहुण्यांच्या हातातला कप हिंदकळला. त्यांना एवढं हसताना पाहून मालक आतून आले आणि काय झालं म्हणून विचारायला लागले.

मेहुणे म्हणाले, "काही नाही हो दाजी, चहा गरम होता."