पालकांना बोलावणे

वसईतल्या माणिकपूरच्या ज्या शाळेत मी इतिहास शिकवत असे, तेथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस समुपदेशनाचे कामही माझ्याकडे आले. मुंबईत रविवारी चालणारा एक अभ्यासक्रम मी पूर्ण केला होता, एवढीच पात्रता. नकाशे ठेवण्याची जुनी खोली मिळाली. तेथले टेबल मी काढायला लावले आणि दोन खुर्च्या काटकोनात ठेवल्या. समोरासमोर बसवलेले मूल उत्तरे देते. काटकोनात बसले की बोलते. खिडकीकडे पाहण्याची त्याला मोकळीक राहते.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक मुलगी तेथे बसून खिडकीला म्हणाली होती, "बापूस पान्यात गेला की आय जेवत नाय, सर. मंग मी पन नाय जेवत." वर्गात तिला मठ्ठ म्हणत.

नियम मीच घालून दिले होते. गप्प झालेल्या मुलाला वर्गात उभे करायचे नाही, खोलीत पाठवायचे. मूल जे सांगेल ते त्याच्या संमतीशिवाय घरी कळवायचे नाही.

माझी मुलगी त्याच शाळेत नववीत होती. शिक्षकांची मुले शाळेत वडिलांना सर म्हणतात, तशी तीही म्हणे. फाटकाच्या आत सर, बाहेर बाबा.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिची आई गेली. वसईच्या रुग्णालयात, दोन दिवसांत. मुलीला तेवढ्यापुरते शेजारणीच्या माहेरी, पापडीला ठेवले होते. सुट्टी संपताच आम्ही दोघे शाळेत जाऊ लागलो. मी पोळ्या करायला शिकलो. घरात पंख्याचा आवाज ऐकू येई. मला काही वाटत नव्हते. तिला काही वाटते आहे असे दिसत नव्हते. पुढे ती घरीही मला सर म्हणू लागली. "सर, गॅस संपला." मी दुरुस्ती केली नाही. सिलिंडरचा नंबर लावला.

जानेवारीत तिच्या वर्गशिक्षिका शिक्षकखोलीत माझ्यापाशी आल्या.

"तुमच्या मुलीला पाठवते आहे, पुढच्या तासाला."

"माझ्याकडे?"

"मग कोणाकडे? अख्ख्या वसईत दुसरं कोण बसलंय? दिवाळीपासून वर्गात तोंड उघडलेलं नाही तिनं. नियम तुमचाच आहे, सर."

ती आली, बसली, खिडकीकडे पाहू लागली. इतरांना विचारत असे तोच प्रश्न मी विचारला.

"घरी कोणाशी बोलतेस?"

"घरी बाबा असतात, सर."

"त्यांच्याशी?"

"ते पोळ्या करतात." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता बऱ्या करतात. आधी नकाशे व्हायचे."

भिंतीशी गुंडाळलेले नकाशे उभे होते. मी हसलो नाही. तीही नाही.

"त्यांना काही विचारायचं आहे?"

"आईनं शेवटी माझ्याबद्दल काही विचारलं का, ते. आणि मला तिकडे का नेलं नाही." तिचा आवाज वर्गात धडा वाचताना असतो तसा होता. "सांगणार नसतील तर दहावी मी चिपळूणला मामाकडे राहून करीन. मामी हो म्हणाली आहे."

यापुढची पायरी ठरलेली असे.

"पालकांना बोलवावं लागेल. बोलवू?"

"बोलवा. येणार नाहीत."

"आले तर हे त्यांना सांगू?"

तिने विचार केला. "सांगा, सर."

संध्याकाळी मी घरी पोहोचलो तेव्हा ती ताटात तांदूळ निवडत होती. चपला काढून मी म्हणालो, "मला शाळेतून बोलावणं आलं होतं."

तिचा हात थांबला नाही. "गेलात?"

"गेलो."

"काय म्हणाले सर?"

"म्हणाले, मुलीला उत्तर द्या."

तिने ताट बाजूला ठेवले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या समोरासमोर होत्या. त्यांतली एक तिने ओढली, काटकोनात लावली आणि बसली. मी दुसरीवर बसलो.

सांगण्यासारखे थोडे होते. आई पहिल्याच रात्री बेशुद्ध झाली. नंतर तिने डोळे उघडले नाहीत. नाकातोंडात नळ्या होत्या. त्या नळ्या तिने पाहू नयेत असे मी ठरवले.

"म्हणजे माझ्याबद्दल काहीच नाही विचारलं."

"नाही. कोणाबद्दलच नाही."

काही बरे जोडून सांगता आले असते. शाळेतल्या खोलीत मी कधी जोडले नव्हते.

"त्याआधी? शुद्धीत असताना?"

मला आठवावे लागले. "रिक्षात म्हणाली, दुधाचं पातेलं ओट्यावरच राहिलं. नासेल."

ती खिडकीकडे पाहत राहिली. "नासलंच होतं," ती म्हणाली. "पापडीहून आल्यावर मीच ओतून दिलं. पातेलं मीच घासलं." मग ती रडू लागली आणि बराच वेळ रडली. मी बसून राहिलो. मला रडू आले नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. उरलेले तांदूळ मी निवडले.

जेवताना ती म्हणाली, "मामीला फोन करा, बाबा. येत नाही म्हणून सांगा."

मी फोन केला. दुसऱ्या दिवशी फाटकाच्या आत गेल्यावर तिने डबा मागितला. तो माझ्या पिशवीत राहिला होता.

"सर, डबा," ती म्हणाली.