चौकशी खिडकीचे आप्पा

एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत आप्पांनी सारी नोकरी काढली, पण तिथे कधी कुणाचं भांडण झालं नाही. गाडी चुकलेला माणूस तावातावाने यायचा आणि निमूट चहाच्या टपरीकडे वळायचा. म्हणूनच ते निवृत्त झाल्यावर आमच्या मालकांनी त्यांना तोंडवलीच्या रिसॉर्टवर आणलं, आम्हा नोकरांना पाहुण्यांशी बोलायला शिकवण्यासाठी.

त्यांचा अभ्यासक्रम तीन वाक्यांचा. “गाडी गेली. दुसरी साडेचाराक. तवसर थंय चाय गरम आसा.” म्हणजे झालं ते आधी सांगायचं, मग पुढचं, आणि शेवटी ‘तवसर’, म्हणजे तोवर, समोरच्याला करण्याजोगं काहीतरी द्यायचं. आमच्या आचाऱ्याने हे घरी वापरलं. “मासे मेळाक नाय. उद्या हाडतंय. तवसर म्हायेराक जावन ये.” बायको गेली ती आठवड्याने आली. आप्पा म्हणाले, “तिसऱ्या वाक्यात माणसाक इतक्या लांब धाडू नको रे.”

माझी अडचण वेगळी. रिसेप्शनवर बसून मी सगळ्याचीच माफी मागायचो: गेलेल्या विजेची, ओरडणाऱ्या कावळ्यांची. एकदा डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून एका कुटुंबाची इतकी माफी मागितली की शेवटी तेच माझी समजूत घालत बसले.

“डॉल्फिन तुझे कोण? चुलतभाव?” आप्पांनी विचारलं. “तू रडाक लागलंस काय गिऱ्हाइकाक आपला दुःख बाजूक ठेवन तुकाच सांभाळूचा लागता.”

पुढे मालकांनी पुण्याचे लॅपटॉपवाले शिक्षक ठरवले आणि आप्पांना ते सांगायचं काम माझ्यावर टाकलं. त्यांना न दुखवता कसं सांगावं, या विचाराने मला जेवण जाईना. संध्याकाळी वर्ग सुटल्यावर त्यांना गाठलं.

“आप्पा, माफ करा, म्हणजे मालक म्हणाले, माझी चूक नाही, म्हणजे तशी माझीच...”

“थांब.” ते उठून टेबलाच्या पलीकडे, गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन उभे राहिले. “आता सांग. माफी काढून.”

सांगितलं. शेवटी ‘माफ करा’ निसटलंच.

“परत.”

या खेपेला सरळ बोललो. “आप्पा, तुमचा वर्ग बंद झाला. सोमवारपासून पुण्याचे सर येणार.”

त्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला. “बरा सांगितलंस. तिसरा वाक्य खंय?”

आप्पा थांबले, त्यांच्या खिडकीवर लोक थांबायचे तसे.

“तवसर,” मी कसाबसा म्हणालो, “माका तुमच्या घराक येवन शिकूक मेळात?”

“साडेचाराक ये. चाय गरम आसतली.”

अजून जातो. उशीर झाला तरी माफी मागत नाही.