मागच्या पायांचे नाल

आमची घोडी काळी होती, हाच तिचा गुन्हा. तांबडी किंवा पांढरी असती तर तिच्या खुरांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण ती काळी कुळकुळीत, कपाळावर चांदणीसुद्धा नाही. आणि काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी बोटात घातली की शनीची पीडा टळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमच्या दारात घोडी बांधलीय की शनीचं दुकान उघडलंय, असा प्रश्न मला लग्न होऊन आल्यावर लवकरच पडला. कुणाला साडेसाती लागली की तो आमच्या ओट्यावर येऊन बसे, आणि चहा होईपर्यंत त्याची नजर घोडीच्या पायांवर.

निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. परभणीकडच्या झरीपासून थोडं पुढे आमचं गाव. घरची शेती होती, आणि सासऱ्यांकडून आलेली वैद्यकी होती. वैद्यकी माझे यजमान करत. लहानपणी ते लिंबाच्या झाडावरून पडले होते, तेव्हापासून त्यांचा खुबा कायमचा अधू झालेला. कोसभर चालले की रात्रभर विव्हळत. त्यामुळे घोडी म्हणजेच त्यांचे पाय. ती धड असली तर पोखर्णीकडच्या गावांपर्यंत ते रोग्याच्या उशाशी वेळेवर पोचत. ती लंगडली की वैद्य घरात आणि रोगी देवाच्या भरवशावर.

घोडीचे खूर बघायचं काम माझ्याकडे होतं. ह्यांना वाकता येत नसे, आणि माझ्या माहेरी दोन घोडी होती. वडिलांच्या शेजारी बसून मी खूर साफ करायला शिकले होते. गावातल्या बायकांना ते बघवत नसे. बाईमाणसानं जनावराचा पाय मांडीवर घ्यावा का, असं एकीनं मला विहिरीवर विचारलं. ज्यांच्या मांड्या रिकाम्या आहेत त्यांनी येऊन घ्यावा, मी सोडते, असं मी म्हणाले. कुणी आलं नाही.

नाल ठोकायला परभणीहून नालबंद यायचा. म्हातारा, तोंडात सदा पान, पण हात देवाचा. चारी पायांना नाल असायचे, कारण ह्यांच्या फिरतीच्या वाटेवर एक दगडगोट्यांचा माळ लागायचा. त्या माळापलीकडे मालीपाटलाचं गाव. सरकारचा सारा गोळा करणारा तो पाटील. चावडीत त्याचा शब्द शेवटचा, आणि परभणीहून पोलिसांचा अमीन आला की त्याच्याच घरी जेवणार. पाटलाच्या आईला दमा होता, म्हणून ह्यांना महिन्यातून एकदा तरी तिकडे जावं लागे.

एकदा हे असेच शुक्रवारी गेले आणि तिथेच मुक्काम केला. शनिवारी सकाळी निघताना पाटलाला भलताच उमाळा आला. वैद्यांना माळावर एकटं कसं सोडायचं, म्हणत त्यानं वाटेला लावायला एक गडी बरोबर दिला. आजवर ज्यानं दारापर्यंत पोचवलं नव्हतं, त्यानं माळ ओलांडेपर्यंत माणूस दिला! हे खूश. गडी घोडीच्या मागे मागे चालत होता. माळाच्या उतारावर हे वळून पाहतात तर गडी वाकलेला. काय झालं रे, म्हणून विचारलं, तर म्हणाला काटा मोडला. ओढ्याच्या काठावर परत तेच. परत काटा. ह्यांना दोन्ही वेळा खरं वाटलं. साऱ्या मुलखाच्या नाड्या बघणारा माणूस, पण आपल्या पाठीमागे काय चाललंय ते त्याला कधी कळलं नाही.

घरी आली ती घोडी मागून लंगडतच. मी एकेक पाय उचलून पाहिला. मागचे दोन्ही नाल गेले होते. नुसते गेले असते तर एक वेळ ठीक होतं, पण ते खुराची कड घेऊन गेले होते. खिळ्यांच्या रांगेपासून खालचा भाग ओरबाडून निघालेला, कुठे टवका, कुठे चीर. डाव्या पायात एक खिळा तसाच अडकून राहिला होता. जनावर बिचारं मुकाट उभं. मी पाय धुतले, हळद लावली, आणि रडले. रागानं रडले, दुःखानं नाही.

चार दिवसांनी नालबंद आला. त्यानं तो खिळा काढून माझ्या हातात दिला. नाल बसवताना खिळ्याचं टोक खुराच्या भिंतीतून बाहेर काढतात आणि खाली वळवून दाबून बसवतात. त्याच्या जोरावर नाल धरून राहतो. या खिळ्याचं टोक सरळ होतं.

"हे आपोआप न्हाई, बाई," नालबंद म्हणाला. "कुणीतरी टोकं उकलल्यात. ढिला नाल दगडाला अडकला अन् कड घेऊन गेला. अब नाल नक्को. खिळा धरायला जागाच ऱ्हायली न्हाई. वरून नवा खूर खाली येईपतूर वरीस जाईल."

त्यानं फुटलेल्या कडा कानशीनं घासून गोल केल्या, म्हणजे दगडाला अडकून चीर वर जायची नाही. पुढच्या पायांवर भार जास्त, तिथले नाल राहू द्या, मागचे उघडे सांभाळा, असं सांगून तो गेला.

कुणी उकलली, ते मला एका लग्नात कळलं. मालीपाटलीणबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि मोठ्या प्रेमानं सांगायला लागल्या. पाटलांना साडेसाती लागली होती. जोशीबुवांनी सांगितलं होतं की नाल काळ्या घोड्याचा हवा, मागच्या पायाचा हवा, आणि शनिवारी आपोआप पडलेला हवा. आणि काय देवाची करणी, तुमच्याच घोडीचे दोन्ही नाल नेमके शनिवारी पडले! एकाची पाटलांनी अंगठी केली, दुसरा दारावर ठोकला. तेव्हापासून घरात कशी शांतता आहे.

मी ऐकत राहिले आणि माझ्या हातातला विडा मुठीत चुरडला गेला. शनिवारी आपोआप पडावा म्हणून शुक्रवारी टोकं उकलून ठेवायची, आणि पडला की उचलायला मागून माणूस चालवायचा! सरळ चोरी केली असती तरी मला इतका राग आला नसता. पक्कड घेऊन नीट काढले असते तर खूर शाबूत राहिले असते. पण नाही. काढला तर तो आपोआप पडलेला कसा ठरणार? म्हणजे आम्हाला फसवायचं, मुक्या जनावराला फसवायचं, आणि वर ज्याची भीती वाटते त्या शनीलाही फसवायचं. असली अक्कल फक्त आमच्याकडेच पिकते.

फिर्याद करा, असं मी ह्यांना म्हणाले. कुणाकडे, असं त्यांनी विचारलं. अमीन पाटलाच्या पंगतीला बसतो हे मलाही माहीत होतं. मी गप्प बसले, पण माझा राग गप्प बसला नाही.

मग ते वर्ष सुरू झालं. काळ्या मातीत उघड्या पायाची घोडी सांभाळणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. पावसाळ्यात चिखलाची राड खुरात गच्च बसते आणि वाळली की विटेसारखी होते. तिच्यात खडा असला तर रात्रभर टोचत राहतो. मी सकाळ-संध्याकाळ वाकड्या सळईनं खूर कोरायची. मुतानं ओली झालेली जागा खरवडून तिथे राख टाकायची, वर वाळलेलं पाचट पसरायची, कारण ओलीत उभं राहिलं की खूर सडतो. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. खूर वाळून तडकायला लागला की जवसाचं तेल चोळायची. शेतातून न्यावी तर भेगा, सडकेनं न्यावी तर खडी. मी गाडीवाटेच्या कडेची धुळीची पट्टी धरून तिला फिरवून आणायची, आणि महिन्याच्या आत-बाहेर कानस घेऊन कडा गोल करायची. नव्या खुराची रेघ वरच्या केसांपासून निघून किती खाली आली, ते रोज बोटानं चाचपायची. लेकराचा दात चाचपावा तशी.

गावातल्या चांभाराकडून मी तिला मोजेही शिवून घेतले. आमची एक मोट फाटली होती, तिचं जाड कातडं कामी आलं. माळावर जायचं तर मागच्या पायांत मोजे चढवायचे. ते चिखलात निसटत, पण दगडाला टिकत. गाव हसलं. घोडीला जोडे आणि वैद्यीण अनवाणी, असं म्हणून लोकांनी महिनाभर करमणूक केली. माळेगावच्या जत्रेत विकून टाका, असा सल्ला देणारेही भेटले. नाल मागायला येणारे हेच, विकायला सांगणारेही हेच.

या सगळ्यात खरा भोग रोग्यांचा. ह्यांची लांबची फिरती बंद झाली. जवळच्या गावांना ते पायापायानं जात, आणि लांबून माणूस आला की पुडी देऊन पाठवत. एका म्हाताऱ्याकडे पोचायला उशीर झाला तेव्हा हे घरी येऊन जेवले नाहीत. त्या रात्री जेवण कुणाला गेलं असेल तर ते पाटलाला.

नवा खूर खाली यायला दोन बोटं उरली होती, तेव्हा पाटलाचा गडी आला. आईची नाडी बघायला चला म्हणाला. विशेष काही नव्हतं, नेहमीचाच खोकला. ह्यांनी खोगीर आणायला सांगितलं. मी दारात उभी राहिले. त्या माळावर एकदा खडा लागून कड फुटली की सगळं वर्ष पाण्यात, आणि मोजे तर झिजून गेलेले. मी गड्याला सांगितलं की वैद्य येतील, घोडी येणार नाही. मालकांना म्हणावं बैलांची दमणी पाठवा.

दमणी आली, पण तिच्यात बसून पाटील स्वतः आला. अंगणात उतरला तोच चढ्या आवाजात. दारात घोडी उभी असताना मला गाडी पाठवायला सांगायची हिंमत कशी झाली, असं तो ह्यांना विचारायला लागला. आळीतली माणसं गोळा झाली. हे काही बोलायच्या आत मीच पुढे झाले. पदर डोक्यावर होता, पण जीभ पदराखाली नव्हती.

मी घोडीच्या मागच्या पायाला हात लावला. सवयीनं तिनं पाय उचलला. मी म्हणाले, "पाटील, हितं या अन् पाय धरून बघा. मग घोडीवर हक्क सांगा."

इतक्या लोकांसमोर मागे हटणं त्याला जमेना. तो वाकला. खूर त्यानं तळहातावर घेतला. वरून उतरलेला नवा खूर गुळगुळीत होता, आणि खालच्या दोन बोटांत अजून ती जुनी फुटकी कड. तिच्या अगदी शेजारी त्याच्या बोटातली अंगठी. घोडी हललीसुद्धा नाही. तिनं तेव्हा एक लाथ घातली असती तर मी तिला गूळ चारला असता.

"हितला नाल तुमच्या बोटात हाय," मी म्हणाले.

तो म्हणाला, "त्यो आपोआप पडला होता. शनिवारी."

"आपोआप पडणाऱ्या नालामागं गडी चालत न्हाई, पाटील."

पाटलानं पाय खाली ठेवला, धोतराला हात पुसला आणि ह्यांना दमणीत बसवून घेऊन गेला. अंगठी मात्र त्यानं काढली नाही, पुढेही कधी काढली नाही. पण आईचं औषध असलं की दमणी येऊ लागली. त्याला पश्चात्ताप झाला, असं लोक म्हणायला लागले. मलाही क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेवटी खूर पुरा खाली आला. नालबंदानं पाहिलं, ठोकून पाहिलं आणि मान डोलावली. त्यानं नवे नाल आणले होते. एक पाय मांडीवर घेऊन तो माप बघत होता, तेवढ्यात पाटलाचा तोच गडी अंगणात आला. काटा मोडणारा. हात जोडून उभा राहिला.

"मालकाच्या जावयाला साडेसाती लागलीय," तो म्हणाला. "मालकानं सांगितलंय, ह्या बारीला न विचारता घ्यायचं न्हाई, मागून आणायचं. कवा पडतील तेवढं सांगा, मी तवर हितंच ऱ्हातो."

वर्षभर मी जे रक्त आटवलं, त्यातून पाटील एवढंच शिकला होता. आधी विचारायचं. 

मी नालबंदाला म्हणाले, सामान आवरा. आता पाय चांगला झालाय, ठोकू द्या, असं तो म्हणाला. हेही ओट्यावरून म्हणाले की अगं, माळ आहे, लांबची गावं आहेत. मी म्हणाले, चामड्याचे नवे मोजे शिवून घेईन, रोज दोनदा खूर कोरीन, पण हिच्या मागच्या पायात पुन्हा लोखंड जाणार नाही. ज्यांना न्यायचंय त्यांनी राख न्यावी, पाचट न्यावं. नालबंदानं नाल पिशवीत टाकले. गडी आल्या पावली निघून गेला.

त्यानंतर ती घोडी मरेपर्यंत मागून उघड्याच पायांनी चालली. पोखर्णीकडेही गेली, माळही ओलांडला, आणि ह्यांना एकाही रोग्याकडे उशिरा पोचवलं नाही. माझी कंबर मात्र त्यात कामातून गेली. सकाळ-संध्याकाळ मागचा पाय मांडीवर घेतला की मी मनातल्या मनात पाटलाला एक शिवी द्यायची, मगच सळई हातात घ्यायची. निजामाचं राज्य गेलं, पाटीलकी गेली, तरी तो नेम चुकला नाही. घोडी गेली तेव्हा मांडीवर घ्यायला पाय राहिला नाही, आणि शिवी तशीच तोंडात राहिली. म्हणून हे लिहून ठेवलं.