काळ्या कापडावरचा चंद्रकांत

ती अंगठी आजही डोळ्यांपुढून हलत नाही. सोन्यानाण्याच्या चोऱ्या मी नोकरीत ढिगाने पाहिल्या, पण एका दगडाने सगळ्या ठाण्याची बोलती बंद केलेली तेवढी एकदाच पाहिली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते आणि मी गिरगावातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळी मोर्चा, दुपारी सभा, संध्याकाळी धरपकड. आमच्यातल्या बहुतेकांची मनं मोर्चात आणि हात लाठीवर, अशी आमची गत. जप्त केलेल्या काळ्या निशाणांनी मुद्देमालाची खोली भरली, तेव्हा उरलेली माझ्या टेबलाशेजारी रचून ठेवावी लागली. त्या धामधुमीत खोताच्या वाडीतल्या एक ख्रिस्ती बाई तक्रार घेऊन आल्या. विधवा, पण पाठीचा कणा ताठ.

"साहेब, ही माज्या आईची अंगठी. लेकीच्या लग्नात घालायची म्हणून साफ करायला दिली, आन् सोनारानं खडा बदलला. आमच्या खड्यात चांद होता. हात हलवला की चांद पन हलायचा. ह्यात काय हाय? नुसती दुधाची साय!"

अंगठी मी हातात घेतली. खडा खरोखरच मलूल, पांढुरका दिसत होता. काम केलं होतं जवळच्या गल्लीतल्या पेढीवरच्या एका कारागिराने. वेंगुर्ल्याकडचा, पन्नाशी ओलांडलेला माणूस. पेढीच्या मालकाने आपलं नाव वाचवायला त्याला त्याच सकाळी कामावरून काढून टाकलं होतं. खडा बदलणारा असा शिक्का एकदा बसला की गिरगावापासून दादरपर्यंत कोणी त्या सोनाराच्या हाती साधा मणीसुद्धा देत नाही. त्याची सगळी जिंदगी त्या अंगठीत अडकली होती.

त्यातच आमच्या खबऱ्याने खबर आणली. हा कारागीर गेल्या आठवड्यात एक दुधी खडा घेऊन झवेरी बाजारात दुकानामागून दुकान फिरत होता. खडा विकायला म्हणूनच फिरत असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी त्याला बोलावून घेतलं. तो बाकावर बसला तो मान खाली घालून. कपाळावर घाम.

"चोराच्या मनात चांदणं," हवालदार माझ्या कानाशी पुटपुटले.

"खडा कुठे विकलास?" मी विचारलं.

"इकूक नाय, साहेबांनू. खडो तोच आसा. लग्नाची अंगठी म्हणान मी मागची काळी घाण काढलंय, साफ केलंय, चांदीचो चकचकीत पत्रो घातलंय. आणि बसवन् बघतंय तर त्येतलो चांद गेलेलो! म्हणान तो खडो काढून बाजारात इचारीत फिरलंय. कोणाक ठावक नाय, म्हणान तसोच परत बसवलंय. माझ्याच हातान् गेलो तो."

दरडावून झालं, गोडीने विचारून झालं. उत्तर तेच. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो, हा माझा अनुभव. याने एक शब्दही सुधारला नाही. मग मी ओळखीच्या एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावलं आणि बाईंनाही.

प्राध्यापकांनी भिंग लावलं. "हा चंद्रकांत. चांदण्यात पाझरतो वगैरे पोथीत ठेवा, पण दगड मात्र नवलाचा आहे. जात फेल्स्पारची. फेल्स्पार आपल्या पायांखालच्या खडकातही असतो, पण असा निर्मळ तुकडा विरळा. याच्या आत अगदी पातळ थर असतात. त्यांच्यात उजेड अडखळतो आणि तो तरंगताना दिसतो. पण हा बाईंचाच का, ते कोंदणातून काढल्याशिवाय मी सांगणार नाही. आणि जपून. हा गारगोटीहून मऊ आहे, आणि दोन दिशांनी असा सरळ चिरतो की जरा चुकीचा दाब पडला तर दोन तुकडे."

काढणार कोण? बोलावलेल्या दोन सोनारांनी ठाण्याची पायरी चढायलाच नकार दिला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "त्यालाच काढू दे. बसवला त्यानी, कुठं धरलाय ते त्यालाच ठावं."

"बाई, तो आरोपी आहे," हवालदार म्हणाले. "पुरावाच फोडून टाकील!"

"फोडला तर माजा फुटंल. तुमचं काय जातंय?"

आईची एकुलती आठवण त्या बाईने स्वतः आरोप केलेल्या माणसाच्या हाती दिली. असं काळीज मी मोठमोठ्या साहेबांत पाहिलं नाही. दोन पंच बसवले. खडा निसटून टेबलावर आपटू नये म्हणून हवालदारांनी हाताला लागलं ते कापड खाली अंथरलं. ते जप्तीतलं काळं निशाण होतं.

"अहो, मुद्देमाल आहे तो!" मी म्हणालो.

"घडी घालून ठेवतो परत, साहेब."

कारागिराने कोंदणाची कड हलके हलके उचलली. खडा सुटला आणि काळ्या कापडावर पडला. त्याच क्षणी त्याच्या पोटात निळसर चंद्र उगवला. प्राध्यापकांनी कापडाचं टोक ओढलं, तसा तो चंद्र खड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत गेला. काय देखणा होता म्हणून सांगू! बाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. पंच पंचपण विसरून टेबलावर वाकले.

"दिवसाही चंद्र आकाशात असतो, पण उजेडात फिका पडतो," प्राध्यापक हसले. "यांनी मागे चकाकता पत्रा घातला, त्या झगमगाटात बिचारा बुडाला. जुन्या कारागिराने मागे काळी लाख भरली होती, ती यांनी घाण म्हणून काढली."

भिंगातून त्यांना खड्यात गोमेसारखी एक बारीक चीर दिसली.

"गोम ना?" बाई एकदम म्हणाल्या. "आई मना लहानपनी दाखवायची. त्या पत्र्याच्या चकाकीत दिसलीच नाय ती!"

प्रत्येक खड्याला खाली चकाकी द्यायची ही कारागिराची रोजची रीत. या एका खड्याला तीच नडली. त्याने तोंड ओंजळीत झाकलं आणि तो मोठ्याने रडला.

मी तक्रार निकालात काढली आणि माझ्या लेखी प्रकरण संपलं. बाईंच्या लेखी संपलं नव्हतं. "चल भाऊ," त्या त्याला म्हणाल्या. भर दुपारी, गल्ली माणसांनी फुललेली असताना, त्या त्याच्या बरोबरीने चालत पेढीवर गेल्या. मीही मागोमाग गेलो. मालकाने अंगठीसाठी हात पुढे केला. बाईंनी तो हात तसाच राहू दिला, अंगठी नि खडा कारागिराच्या तळव्यावर ठेवला आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माजी चूक झाली. खडा माजाच हाय. बसवायचा तर ह्याच्याच हातानं, नायतर तुज्या पेढीवर आमच्या वाडीतलं कोनी येनार नाय."

मालक काय समजायचं ते समजला. कारागीर आपल्या जागेवर बसला आणि त्याने लाख तापवायला घेतली.

पोलिसाला निर्दोष माणूस सोडता येतो. त्याची अब्रू मात्र ठाण्यात बसून परत करता येत नाही. ती जिथे गेली तिथे जाऊन, चारचौघांत द्यावी लागते. हे मला वरिष्ठांनी शिकवलं नाही, त्या बाईने शिकवलं. पुढे निवृत्त होईपर्यंत ज्याला ज्याला संशयावरून आणलं आणि निर्दोष म्हणून सोडलं, त्याला मी वर्दीनिशी त्याच्या दारापर्यंत पोचवायला गेलो. चाळीतले लोक कठड्यावरून वाकून बघत. मी त्यांना बघू देत असे, आणि मग त्याच्याच घरी बसून चहा घेत असे.