ओटीत मी नव्हते, माझा आवाज होता

मी चौथी शिकलेली बाई. केडगावात राहते. नगरच्या एका हार्टच्या दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, मावशी होते. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर गप्प बसवते. इतकी माणसं डोळ्यांदेखत गेली, त्यांना पुसून, कपडे घालून नातेवाइकांच्या हवाली केलं... एकही परत दिसला नाही. गेला तो गेला, हेच मी मानत आले. तरी हे लिहिते आहे, कारण हे मेलेल्या माणसाचं नाहीच. माझं आहे. नातसून मोबाईलवर टाकून देते म्हणाली.

आमचे मोठे सर्जन, त्यांना सगळे सरच म्हणायचे. मी लागले तेव्हा त्यांचे केस काळे होते. मागच्या वर्षी सदुसष्ट झाले. मानेला पट्टा. ऑपरेशन झालं की बाहेरच्या स्टुलावर बसून बूट काढायचे आणि बिनसाखरेचा चहा प्यायचे. कौतुक केलेलं त्यांना चालत नसे.

सरांचा एक नियम होता. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला गॉजचे तुकडे लागतात. एक जरी छातीत राहिला तरी माणूस जातो. म्हणून बंद करायच्या आधी सिस्टर ते मोजते. सगळ्या दवाखान्यांत मोजतात. पण आमच्याकडे मीसुद्धा मोजायचे. बादलीतून रक्तानं भिजलेले तुकडे उचलायचे, स्टँडवर पाच-पाच लटकवायचे, आणि मी "पुरे हाईत सर" म्हटल्याशिवाय सर छाती शिवायची तार हातात घेत नसत.

नवे डॉक्टर हसायचे. "चौथी पास बाई हार्टचं ऑपरेशन पास करते," म्हणायचे. सर सांगत, "चुका शेवटी होतात. पाय दुखत असतात, भूक लागलेली असते, आणि सगळे म्हणतात झालं झालं. तेव्हा घाई नसलेलं एक माणूस लागतं."

त्या दिवशी बेलापूरचा एक टेम्पोवाला टेबलावर होता. बायपास. सकाळी सुरू झालेलं दुपारी दीड वाजला तरी चालूच. पायातून काढलेली शीर जोडून झाली, तोवर हृदयाचं काम करणाऱ्या पंपावरून काढलं, हृदय आपलं आपण चालू लागलं. तेवढ्यात भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मावशी, रक्ताची अजून एक पिशवी आणून ठेवा."

ब्लड बँक आवाराच्या दुसऱ्या टोकाला. मी डबा घेऊन गेले. तिथल्या माणसानं रजिस्टर पुढे केलं, मी सही केली, त्यानं वेळ घातली – एक पन्नास. तो म्हणाला, "मावशी, जेवला का?" मी म्हटलं, "तुला बरं जेवन सुचतंय." पिशवी घेतली आणि परत आले.

दार ढकललं तर सगळे माझ्याकडे बघायला लागले. शबाना सिस्टर चिडलेली. "मावशी, कुठला कमी? मी तीनदा मोजले. चाळीसला चाळीस. उगाच कशाला ओरडलात?"

"कोन वरडलं?"

"तुम्ही. आत्ता, दारातून."

"मी आत्ता येतीय. ह्यो डबा बघ की."

तेव्हा सर खाली बघूनच म्हणाले, "सगळे गप्प बसा. टाका द्या."

काय झालं होतं ते नंतर कळलं. मी गेल्यावर सिस्टरनं मोजून "करेक्ट" म्हटलं आणि सरांनी माझी वाट न बघता तार हातात घेतली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात दाराकडून माझा आवाज आला – "सर, एक कमी हाय." सर थांबले. सिस्टर तुकडे पुन्हा मोजायला लागली, तिच्या कागदावर ती वेळ आहे – एक पन्नास. सरांनी हृदय हलकेच उचलून मागं पाहिलं. गॉज नव्हताच. पण जोडलेल्या शिरेला मागच्या बाजूनं एक बारीक फांदी होती, तिची गाठ सुटून रक्त झिरपत होतं. तसंच शिवलं असतं तर माणूस वाचता ना.

म्हणजे आवाज म्हणाला ते खोटं होतं. तुकडे पुरे होते. आणि तरी माणूस वाचला.

आवाज चौघांनी ऐकला. त्यातला एक डॉक्टर त्याच दिवशी कामावर आला होता. त्यानं माझं तोंडही पाहिलं नव्हतं. तो म्हणे विचारत होता, "या बाई कोण बोलल्या?"

संध्याकाळी सर स्टुलावर बसले होते. मला बोलावलं.

"हौसाबाई, खरं सांगा. दारातून तुम्ही बोललात ना?"

"न्हाई सर. मी ब्लड बँकेत हुते."

"रजिस्टर मी बघितलं. घड्याळं पुढंमागं असतात." चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही बोललात एवढं म्हणा. तुम्ही थांबवलं असेल, तर माझी पद्धत अजून चालते आहे. मी अजून दोन वर्षं काम करीन."

"आन न्हाई म्हनले तर?"

"तर आज मी थकलो होतो म्हणून तुमची वाट बघितली नाही, आणि मला थांबवणारं तिथं कुणी नव्हतं."

मला त्यांची कीव आली. पण मोजलं नसताना मी कधी पुरे म्हटलं नाही, आणि बोलले नसताना बोलले कशी म्हणू?

"कुनी नव्हतं, सर," म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बूट घातले. पुढच्या आठवड्याची ऑपरेशनं दुसऱ्यांना दिली. त्यानंतर त्यांनी चाकू हातात धरला नाही. आता फक्त पेशंट तपासतात.

टेम्पोवाला टेम्पो चालवतो आहे. त्याची बायको माझ्या पाया पडायला आली, तिलाही मी नाही म्हणूनच सांगितलं. तिला पटलं नाही.

सर थांबले, तेव्हापासून आमच्याकडे पुण्याचे सर्जन आठवड्यातून दोनदा येतात. मधल्या वारी कुणाला काही झालं तर पुण्याला हलवतात. आमच्या गल्लीतला एक असाच हलवला, तो वाटेतच, सुप्यापाशी गेला. त्याची बायको रोज नळावर दिसते. ती दिसली की वाटतं, एक शब्द खोटा बोलले असते तर...

कुणी म्हणतं, इतकी वर्षं ऐकून त्यांच्या कानात माझा आवाज बसला असेल. मग त्या नव्या डॉक्टरचं काय? कुणी म्हणतं देव बोलला. देवाला तुकडे मोजता येत नाहीत का? मीही पुष्कळ विचार केला, आता करत नाही. ज्यानं कुणी माझ्या आवाजात सरांना थांबवलं, त्यानं पुढचं माझ्या एका शब्दावर सोडायला नको होतं.