हुंकारासाठी सोडलेली जागा

मंगळवारी ताई गेली. त्या दिवसापासून घरात ऐकणारं कोणी राहिलं नाही.

काचबिंदूने तिची दृष्टी गेली होती. मी मुरबाडच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आणि सापगावच्या घरात आम्ही दोघी बहिणी राहू लागलो. पुस्तकाची पानं स्कॅन करून मी लॅपटॉपवर लावायची. एक घोगरा, यांत्रिक आवाज ती वाचायचा. ताई त्याला मास्तर म्हणायची. "सर्दी झाली वाटतं आज मास्तरला," असं म्हणून हसायची.

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. ताई मास्तरलाही इमानाने 'हं' म्हणायची. तिला तेवढी सवड मिळावी म्हणून मी प्रत्येक परिच्छेदानंतर काही रिकाम्या ओळी सोडायची. तिथे आवाज थांबायचा, लॅपटॉपचा पंखा घरघरत राहायचा, ताईचा हुंकार यायचा आणि वाचन पुढे सरकायचं.

ती गेली तेव्हा एक कादंबरी अर्धी होती. अर्धी गोष्ट सोडली की ऐकणारा वाटेतच अडकतो, असं आई म्हणायची. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. तरी कादंबरी पुरी करायचं मी ठरवलं, आणि लॅपटॉप बंद पडला तो पडलाच.

शहापूरच्या दुकानदाराने नवा दाखवला. "एआरएमवाला हाय, बाई. आतली चिप मोबाईलच्या जातीची. लाइट गेली तरी दिवसभर चालंल. तापत नाय, पंखाच नाय याला."

मी त्याला मास्तरबद्दल सांगितलं. त्याने ते जुनं सॉफ्टवेअर घालून पाहिलं आणि मान हलवली.

"बाकीचं जुनं बरंच चालतंय. पण तुमचा मास्तर काय या शाळेत यायचा नाय."

जुन्या लॅपटॉपमधली कादंबरीची पानं मात्र जशीच्या तशी आली. नव्या लॅपटॉपमधला आवाज बाईचा आहे, स्वच्छ. वाक्य सुरू करण्याआधी ती श्वास घेते. जुना लॅपटॉप मांडी भाजायचा. हा तासभर चालूनही थंडच. पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा मला ताईचे त्या मंगळवारचे पाय आठवले, आणि मी लॅपटॉप मांडीवरून टेबलावर ठेवला.

परिच्छेद संपला की ही बाईही थांबते. रिकाम्या ओळी मीच सोडल्या होत्या, हे मला ठाऊक आहे. पण आता पंखा नसल्यामुळे त्या थांबण्यात इतकी शांतता असते की स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंबसुद्धा ऐकू येतो. माझी नजर आपोआप ताईच्या खाटेकडे जाते. मग त्या बाईचा श्वास, आणि वाचन पुढे. जणू हवं ते उत्तर तिला मिळालं.

एकदा संध्याकाळी शेजारीण भाकऱ्या घेऊन आली. माझ्याच वयाची, बोलायला फटकळ. ती उंबऱ्यातच उभी राहिली होती.

"ये की आत," मी म्हटलं.

"पाव्हणी आलेय का गो कोण?"

"नाही. लॅपटॉप वाचतोय."

"वाचणारी नाय म्हणत मी. हुंकार कोण देत व्हतं?"

"कोणी नाही. मी एकटीच आहे."

"तोंड तुझंच हालत व्हतं," ती म्हणाली. "पण हुंकार ताईचा. म्हणून तर आत आले नाय."

भाकऱ्या ओट्यावर ठेवून ती लगेच गेली. मी हुंकार दिल्याचं मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या पानांतल्या रिकाम्या ओळी काढून टाकल्या. आवाज न थांबता धावत सुटला, कोणाला सांगायचंच नसल्यासारखा. मला ते ऐकवेना. मी ओळी पुन्हा घातल्या, शेवटच्या परिच्छेदानंतरसुद्धा. तिथे हुंकार आला की गोष्ट संपेल आणि ताईला जायला वाट मोकळी होईल.

शेवटच्या प्रकरणाची सात पानं राहिली आहेत. ती मी अजून लावलेली नाहीत.